सर्पगंधेची मुळी आणि विषादाची कैफियत

आमचे एक मामा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. जमाबंदीच्या हिशेबात एका आण्याचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत जेवायला न उठणारा हा गृहस्थ, सेवानिवृत्तीला दीड वर्ष लोटल्यावर, एका पावसाळ्यात ओटीवर भिंतीकडे तोंड करून जो बसला तो दिवाळी उलटली तरी तसाच बसून होता. अंघोळीसाठी तीनतीनदा हाक मारावी लागे. पुढ्यातली भाकरी निवून कडक होई. समाचाराला येणारे आप्त एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारीत, की पेन्शन वेळेवर येते, मुलगे मार्गी लागले, लेकीचे हात पिवळे झाले, मग यांना कमी काय आहे? दुःखाच्या अर्जाला कारणाचा दाखला जोडलेला असलाच पाहिजे, नसल्यास अर्ज दप्तरी दाखल करावा, अशीच जणू साऱ्या आळीची समजूत होती. कोणी नारायण नागबळी सुचवला, कोणी मनाच्या श्लोकांची पोथी उशाशी ठेवून गेले. डॉक्टरांचे नाव मात्र कोणी काढीना, कारण या दुखण्यातला डॉक्टर म्हणजे ठाणे, आणि ठाणे म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नव्हते.

ही धास्ती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. रत्नागिरीचे वेड्यांचे इस्पितळ १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. आणि १९१२ च्या कायद्याने या इस्पितळांचे दार बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानेच उघडे. रोग्याला औषध कसे मिळेल यापेक्षा त्याला कोणाच्या ताब्यात द्यावे याचीच चिंता त्या कायद्याला अधिक होती, आणि तो बदलण्यासाठी १९८७ साल उजाडावे लागले. ज्या दुखण्याची पहिली रुजुवात कचेरीत होते ते दुखणे घरोघर माजघरात लपवले जावे, यात नवल कसले?

वास्तविक आपले जुने शास्त्र या बाबतीत जास्त निर्विकार होते. चरकाने वाताचे जे ऐंशी विकार सांगितले त्यांच्या फेरिस्तीत कंप आणि जांभई यांच्याच रांगेत विषादही येतो. त्यात दोषारोप नाही, हेटाळणी नाही. शरीराची एक तक्रार म्हणून त्याची साधी नोंद आहे. पण लोकांच्या स्मरणात चरकाचा विषाद राहिला नाही, राहिला तो अर्जुनाचा. अठरा अध्यायांचा उपदेश कानी पडला आणि पार्थ धनुष्य घेऊन उठला, तेव्हा आमच्या मामांनीही दोन अध्याय ऐकून उठायला काय हरकत होती? अर्जुनाचा विषाद एका सकाळचा होता आणि त्याला समोर उभ्या असलेल्या स्वजनांचे ढळढळीत कारण होते, हा भेद समाचाराला येणाऱ्यांपैकी कोणीच विचारात घेत नसे.

विषादावरच्या आधुनिक औषधांच्या इतिहासाचा एक धागा मात्र आपल्याच रानातून निघतो. सर्पगंधेचे झुडूप हातभर उंचीचे, फुले पांढरी, देठ तांबडे. मुळी इतकी कडू की जिभेवर ठेवली तर तासभर दुसरी चव लागू नये. बिहारात ही मुळी 'पागल की दवा' या नावानेच ओळखली जाई. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या वंशाला ज्याचे नाव दिले तो आउग्सबुर्गचा वैद्य राउवोल्फ बगदादच्या पुढे कधी आलाच नव्हता, हा एक विनोदच. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो असे प्रसिद्ध केले; त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातली सत्त्वे वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खानांचे नाव दिले. तरीही पश्चिमेचे लक्ष तिच्याकडे वळले ते १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला तेव्हा. बॉस्टनच्या विल्किन्स यांनी तो लेख वाचून मुळी मागवली. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन काढले. आणि बघता बघता लक्षावधी रक्तदाबाचे रोगी त्या गोळ्या घेऊ लागले.

पुढे जे घडले ते मोठे विलक्षण आहे. रक्तदाब उतरलेले काही रोगी खिन्न होऊन बसू लागले, अशा तक्रारी १९५४ पासून येऊ लागल्या. १९५५ मध्ये अमेरिकेतील ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले, की रेसर्पिन दिल्यावर मेंदूतला सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचा साठा रिता होतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी आपोआप सुचते: द्रव्य आटले म्हणून मन आटले. मात्र त्याच १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रोग्यांना हेच रेसर्पिन देऊन पाहिले, तेव्हा नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक उतार पडलेला आढळला. सिद्धांताला अडचणीचा हा कागद कोणत्या गठ्ठ्यात गेला कोण जाणे. पुढची कित्येक वर्षे त्याची आठवण फारशी कोणी काढली नाही.

औषधे मात्र सिद्धांताची वाट पाहत थांबली नाहीत. १९५२ मध्ये न्यू यॉर्कमधल्या स्टेटन बेटावर, सी व्ह्यू इस्पितळात, क्षयावरची नवी औषधे घेणारे रोगी वॉर्डात नाचू लागले आणि त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. त्या औषधांतल्या इप्रोनियाझिडचा उपयोग नेथन क्लाइन यांनी १९५७ मध्ये खिन्नतेसाठी मांडला. स्वित्झर्लंडमध्ये बोडन सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेन इस्पितळात रोलांड कून एका भलत्याच आजारासाठी आलेले गायगी कंपनीचे द्रव्य तपासत होते. त्या आजारावर ते निकामी ठरले, तेव्हा जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी ते विषादाने ग्रासलेल्या एका स्त्रीला दिले आणि सहाच दिवसांत ती पालटली. हेच इमिप्रामिन. (त्या इस्पितळातल्या चाचण्यांत रोग्यांची संमती किती घेतली गेली याची झडती अलीकडे झाली आणि निष्कर्ष गौरवास्पद नाहीत, हेही नोंदले पाहिजे.) सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या जागतिक परिषदेत कून बोलायला उभे राहिले तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. त्याच साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइन होते आणि मुंबईचे रुस्तम जाल वकीलही होते.

'मेंदूतला रस कमी झाला, गोळीने भरून काढला' ही समजूत पुढे इतकी सुटसुटीत ठरली, की 'मन दुबळे आहे' या जुन्या समजुतीची जागा तिने सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात अलगद घेतली. माझ्या मते दोन्ही सारख्याच उतावीळ. सेरोटोनिनच्या कमतरतेचा भरवशाचा पुरावा आजवर हाती आलेला नाही. आणि तरीही २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र विचार झाला तेव्हा तपासलेली एकवीसच्या एकवीस औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, जरी ते सरसपण माफकच होते. गुण का येतो हे नीट न उमगताही गुण येऊ शकतो. सर्पगंधेची मुळी विकणाऱ्याला हे ठाऊक होते. शिवाय गोळी हाच एक मार्ग आहे असेही नाही. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, संगाथ या संस्थेने शिकवून तयार केलेल्या, वैद्यकाची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी सुमारे पाचशे रोग्यांपैकी निम्म्यांसाठी सहा ते आठ बैठकांचा उपक्रम चालवला. त्याचा निष्कर्ष २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला आणि उतार स्पष्ट होता. त्या बैठकांत मन खंबीर करण्याचा उपदेश नव्हता. सुटलेली कामे एकेक करून पुन्हा हाती घेण्याची आखणी होती.

मामांना अखेर मामींनीच नेले, तेही 'पोट तपासायला' म्हणून. मिळाले ते इमिप्रामिनच. या औषधाची रीत अशी की त्रास आधी येतो आणि गुण मागाहून: पहिल्याच आठवड्यात तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होते, आणि उताराला दोनतीन आठवडे लागतात. नेमक्या याच मुदतीत शेजारीपाजारी 'या झोपेच्या गोळ्या, यांची सवय लागते' असे बजावून जातात, आणि कित्येक बाटल्या अर्ध्यावरच फेकल्या जातात. ती झोपेची गोळी नव्हे आणि तिचे व्यसनही लागत नाही, मात्र मनाला येईल तेव्हा एकाएकी ती सोडूही नये, हे समजावून सांगण्याची सवड असलेले डॉक्टर आम्हाला भेटले, हे आमचे नशीब. मामींनी कोरडीवर खडीसाखरेचा तोडगा काढला. मामांचा विश्वास औषधावर नव्हता, पण हातची सवय सुटली नव्हती. उशाशी त्यांनी एक वही ठेवली होती आणि रोजची गोळी तारीखवार तीत रुजू करीत. ती वही माझ्यापाशी आहे. सगळी पाने सारखीच: तारीख, वेळ, 'घेतली', खाली आडवी रेघ. विसाव्या दिवशीच्या रेघेखाली, शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात लिहिले आहे, 'आज भूक लागली.'