ओल वरून की खालून? पेण-रोह्याच्या दगडी फरशीचा इतिहास

१/
मृगाच्या सुमारास पेण-रोह्याकडच्या एखाद्या जुन्या देवळात किंवा वाड्यात अनवाणी पाऊल टाकले, की फरशी ओलसर लागते. छप्पर गळालेले नसते, कुणी पाणी सांडलेलेही नसते. मग चकचकीत सीलर लावून हा प्रश्न कायमचा मिटवावा, असा विचार पुढे येतो. तो अमलात आणण्याआधी या ओलीचा इतिहास पाहायला हवा. 🧵

२/
पेण भोगावतीच्या काठी, रोहा कुंडलिकेच्या. समुद्र दूर असला तरी भरतीचे पाणी खाड्यांमधून आत येते. पेणच्या पश्चिमेला खारेपाट आणि मिठागरे, पूर्वेला सह्याद्री आणि वरून वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. इथल्या जमिनीत पाण्याला तोटा नाही आणि अनेक ठिकाणी त्या पाण्यात मीठही असते.

३/
हे पाणी दगडाच्या आणि सांध्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. पृष्ठभागावर पोहोचले की पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. त्यालाच लोणा म्हणतात. पांढरी पूड फरशीच्या वर साचली तर झाडूने निघते. पण वरची वाट बंद झाली तर मिठाचे स्फटिक दगडाच्या आतच वाढतात आणि पापुद्रे सुटू लागतात. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

४/
सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. चांगल्या प्रतीचा, घट्ट पाषाण पाणी फारच कमी शोषतो. ओल शिरते ती मुख्यतः सांध्यांतून. जुन्या गवंड्यांचे लक्ष म्हणूनच दगडाहून सांध्यांवर अधिक असे. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना काढत. तो बैलांच्या घाणीत वाळूबरोबर दिवसेंदिवस मळत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे काय काय पडे. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, पण श्वास घेणारा दगड. ओल त्याच्यातून बाहेर पडते. झीज झाली तर आधी चुना झिजतो, पाषाण वाचतो. सांधे पुन्हा भरणे हे देखभालीचे काम होते. त्यात बांधकामाचे अपयश कुणी मानत नसे.

५/
रोह्याहून फार लांब नसलेले पालीचे बल्लाळेश्वर मंदिर अष्टविनायकांपैकी एक. आधीचे लाकडी मंदिर जाऊन अठराव्या शतकात दगडी मंदिर उभे राहिले. त्याचे श्रेय परंपरेने फडणीसांकडे जाते. बांधकामात शिसे वापरल्याचे आजही सांगितले जाते. शिसे ओतून दगड पक्के करण्याची रीत सिंधुदुर्गाच्या संदर्भातही सांगतात. ध्यानात घ्यायचे ते एवढेच, की अशा कामात शिसे सांध्यात जाते. फरशीवर ते कुणी पसरत नाही.

६/
सामान्य घरात दगडी फरशी नव्हतीच. मातीची जमीन चोपणीने चोपून शेणाने सारवत. सारवण म्हणजेही एक लेपच: धूळ बसवणारा, ओल अडवून न धरणारा आणि मुख्य म्हणजे उखडला की पुन्हा देता येणारा. आजचे सीलर ज्या हमीवर विकले जातात, तसली दहा वर्षांची हमी सारवणाने कधी दिली नाही. पाहिजे तरी कुणाला होती?

७/
मग शहाबादी आली. हा चुनखडीचा दगड त्या वेळच्या निजामाच्या राज्यातला. १८७१ मध्ये मुंबईकडची रेल्वे रायचूरला मद्रासच्या रेल्वेला मिळाली. शहाबाद याच मार्गावर. मुंबई-पुण्याच्या घरांत ही फरशी रुळली. रोह्यापर्यंत रेल्वे यायला मात्र १९८६ उजाडले. तोवर जड माल खाडीने नाहीतर रस्त्याने.
शहाबादी पाषाणाहून अधिक शोषते आणि तिला आम्ल सोसत नाही. लिंबू, चिंच, कोकम सांडले की डाग पडतो. तो डाग नसून दगडच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे साधा सीलर तिथे निरुपयोगी ठरतो.

८/
‘वरून लेप द्या, दगड वाचेल’ ही आशा जगभर होती. लंडनच्या संसदगृहाचे बांधकाम १८४० मध्ये सुरू झाले आणि कोळशाच्या धुराने काही वर्षांतच दगड झडू लागला. १८६१ मध्ये रसायनतज्ज्ञ हॉफमन यांनी एथिल सिलिकेटचा उपाय सुचवला. त्या कुळातली द्रव्ये आजही दगड सांधण्यासाठी वापरतात.

९/
महाराष्ट्रातला धडा मात्र अजिंठ्याचा. १९२०-२२ च्या हिवाळ्यांत निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटणारी चित्रे त्यांनी जागी बसवली, हे मोठेच काम. पण चित्रांवर दिलेला लाखेचा वॉर्निश पुढे पिवळा-तपकिरी झाला, धूळ धरू लागला, आणि तो उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची पुढची कित्येक वर्षे गेली. अजिंठ्याची भिंत आणि पेणची फरशी एक नव्हे. लेप देण्याआधी तो काढता येईल का, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच.

१०/
आजचे सीलर ढोबळमानाने दोन जातींचे. ॲक्रिलिक, इपॉक्सी वगैरे वर पापुद्रा धरतात; चमक येते, ओल कोंडते. सिलेन-सिलॉक्झेन जातीचे दगडात मुरतात. पाण्याला आत शिरू देत नाहीत, वाफेला बरीचशी वाट ठेवतात. खालून ओल येणाऱ्या जुन्या फरशीला पहिली जात लावणे म्हणजे लोण्याला घरात कोंडणे. दुसरीही सरसकट नको: मीठ भरलेल्या दगडात तीसुद्धा धोक्याची. आणि घट्ट पाषाणात ती मुरतच नाही, वर चिकट डाग राहतात. तिथे काहीच न लावणे हा पूर्ण मानाचा निर्णय आहे.

११/
ओल कुठली, हे ओळखण्याची युक्ती सोपी. प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खालच्या अंगाला पाणी धरले तर ओल जमिनीची. वरच्या अंगाला धरले तर ती हवेतली: थंड दगडावर दमट हवेचे पाणी झाले आहे. या दुसऱ्या ओलीवर कोणताच सीलर चालत नाही. खिडक्या उघडाव्या लागतात.

१२/
लावायचेच ठरले, तर आधी सांध्यांतले सिमेंट काढून चुना भरावा. सिमेंट ओलीला अडवते आणि ती दगडाच्या कडांतून वाट काढते. लोणा कोरड्या झाडूने काढावा; पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. मग कोपऱ्यातल्या एका फरशीवर नमुना देऊन एक पावसाळा पाहावा. मोठी फरशी एका दमात करू नये. हात पोहोचेल तेवढा पट्टा घ्यावा, न मुरलेले द्रव्य सुकण्याआधी पुसावे, मगच पुढे सरकावे. कोकणात हे काम माघ ते चैत्रातले. दिवाळीच्या घाईत फरशी वरून कोरडी दिसते, तिच्या पोटात मात्र अजून श्रावण असतो.