आर्नोल्फिनींच्या दालनातील मेणबत्ती

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ओकच्या फळीवर तैलरंगांत रंगविलेले एक लहानसे चित्र आहे. त्याची उंची सुमारे ८२ सेंटिमीटर आणि रुंदी ६० सेंटिमीटर. यान व्हान आइक या फ्लांडर्समधील चित्रकाराने ते १४३४ साली रंगविले. एका दालनात स्त्री आणि पुरुष उभे आहेत. त्याने डाव्या हाताने तिचा उजवा हात धरला आहे. वर पितळी झुंबर असून भर दिवसा त्यात एकच मेणबत्ती जळते आहे. पायांशी कुत्रे, एका बाजूला काढून ठेवलेली लाकडी पादत्राणे, खिडकीशी फळे, भिंतीवर जपमाळ आणि बहिर्वक्र आरसा. त्या आरशात दारातून आत येणाऱ्या आणखी दोन व्यक्ती दिसतात. आरशाच्या वर, दस्तऐवजात शोभावे अशा वळणदार लॅटिन अक्षरांत, यान व्हान आइक येथे होता, असे साल घालून लिहिले आहे.

पाचशे वर्षांनंतर, १९३४ साली, एर्विन पानॉफ्स्की या कलेतिहासकाराने या चित्राचा असा अर्थ लावला की पुढील दोन पिढ्यांना तो अर्थच चित्रात दिसू लागला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली निर्बंध घालेपर्यंत वधूवरांच्या परस्परसंमतीने, धर्मगुरूवाचूनही, वैध विवाह होऊ शकत असे. हे चित्र म्हणजे तशा विवाहाचा दस्तऐवज आणि भिंतीवरील अक्षरे म्हणजे साक्षीदाराची सही, असे त्याचे प्रतिपादन होते. या संदर्भात प्रत्येक वस्तू बोलू लागली : कुत्रे म्हणजे निष्ठा, एकटी मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी ईश्वर, काढलेली पादत्राणे म्हणजे भूमीचे पावित्र्य, आसनावर कोरलेली संत मार्गारेट म्हणजे सुखरूप प्रसूतीची प्रार्थना. वास्तवाच्या रूपात दडलेल्या या अर्थव्यवस्थेला त्याने 'प्रच्छन्न प्रतीकवाद' म्हटले आणि १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात आरंभकालीन नेदरलँडिश चित्रकलेच्या आकलनाचे ते एक प्रमुख सूत्र म्हणून मांडले.

मीही प्रतीक ही संकल्पना विद्यार्थ्यांना समजावून देताना अनेक वर्षे याच चित्राचा आधार घेतला. दृश्य वस्तूचे अदृश्य अर्थाशी नाते सांगायला याहून सोयीचे उदाहरण नव्हते. वर्गातील सर्वांचे समाधान होई. माझेही होत असे. ते समाधानच संशयास्पद होते, हे मला फार उशिरा कळले.

या वाचनाचा पाया चित्रातील दांपत्य कोण, या गृहीतावर उभा होता. चित्रावर त्यांचे नाव नाही. आर्नोल्फिनी या नावाचा माग ऑस्ट्रियाच्या मार्गारेटच्या संग्रहाच्या १५१६ सालच्या सूचीपर्यंत, म्हणजे चित्रानंतर ८२ वर्षांपर्यंत, जातो आणि तेथेही ते अपभ्रष्ट रूपात येते. इटलीतील लुक्का येथून ब्रूजला स्थायिक झालेला व्यापारी जोव्हान्नी दी आरीगो आर्नोल्फिनी आणि त्याची पत्नी जोव्हान्ना चेनामी, अशी ओळख दीर्घकाळ निर्विवाद मानली गेली. १९९० साली जाक पाव्हियो या अभ्यासकाने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रावरून त्यांचा विवाह १४४७ साली झाल्याचे निष्पन्न झाले. चित्राला तेव्हा १३ वर्षे होऊन गेली होती. चित्रकार तर १४४१ सालीच निवर्तला होता.

लॉर्न कॅम्बेल यांनी १९९८ साली चित्रातील पुरुष म्हणजे याच घराण्यातील जोव्हान्नी दी निकोलाओ असावा असे सुचविले आणि स्त्री त्याची द्वितीय पत्नी असण्याची शक्यता मांडली. त्यांच्या मते हे विवाहाचे चित्रच नव्हे. दोन व्यक्तींचे व्यक्तिचित्र आहे. पुढे २००३ साली मार्गारेट कोस्टर यांनी वेगळीच दिशा दाखविली. या व्यापाऱ्याची पत्नी कोस्तान्झा त्रेन्ता हयात नसल्याचा उल्लेख १४३३ सालच्या फेब्रुवारीतील एका पत्रात आहे. चित्रातील स्त्री तीच असेल, तर हे दिवंगत पत्नीचे स्मृतिचित्र ठरते. आता झुंबराकडे पुन्हा पाहावे. जळणारी मेणबत्ती पुरुषाच्या बाजूला आहे. स्त्रीच्या बाजूच्या दिवटीत केवळ ओघळलेले मेण उरले आहे. आरशाच्या चौकटीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे दहा लघुप्रसंग आहेत : पुरुषाच्या बाजूला जिवंत ख्रिस्त, स्त्रीच्या बाजूला मृत्यू आणि पुनरुत्थान. स्त्रियांच्या समाधिशिल्पांत पायांशी कुत्रे असतेच. संत मार्गारेटचे स्मरण मग प्रसूतीतील मृत्यूचेही असू शकते.

एकाही वस्तूची जागा बदललेली नाही. तरी विवाहाचा उत्सव शोकचित्र झाला. भारतीय वाचकाला याचे फार नवल वाटू नये. 'सूर्य मावळला' हे एकच वाक्य कोण कोणाला सांगतो यावर त्याचा व्यंग्यार्थ बदलतो, हे आपल्या अलंकारशास्त्राचे नित्याचे उदाहरण. मम्मटाने आर्थी व्यंजनेची निमित्ते सांगताना वक्ता, श्रोता, प्रस्ताव, देश, काल यांची गणना केली आहे. प्रतीकाला शब्दकोशातल्यासारखा स्थिर अर्थ नसतो; तो प्रकरणातून प्राप्त होतो. पानॉफ्स्कीची चूक कुत्र्याचा किंवा मेणबत्तीचा अर्थ लावण्यात नव्हती. ज्या विवाहाच्या आधारे त्याने वस्तूंचे अर्थ ठरविले, तो विवाह त्याच वस्तूंच्या आधारे सिद्ध झाल्याचा भास त्याच्या लेखनातून निर्माण झाला. न्यायाच्या परिभाषेत हा अन्योन्याश्रय होय. दडलेल्या प्रतीकाचा शोध कोठे थांबवावा हा प्रश्न त्याला स्वतःला पडला होता आणि ऐतिहासिक पद्धतीला व्यवहारज्ञानाची जोड द्यावी, असे उत्तरही त्याने दिले होते, हे येथे न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे.

भौतिक पुरावाही आपणहून बोलत नाही. अवरक्त किरणांच्या परीक्षणात कुत्रे, झुंबर आणि पादत्राणे यांचे आधाररेखन आढळले नाही. ती काम चालू असताना आलेली आहेत. मग ती नुसती सजावट, की विचारांती केलेली भर? दोन्ही पक्ष हाच पुरावा पुढे करू शकतात. काही बाबतींत मात्र निर्णय देता येतो. हिरव्या झग्याचा घोळ पोटाशी धरलेली ही स्त्री गर्भवती आहे, असे प्रथमदर्शनी अनेकांना वाटते. परंतु व्हान आइकच्याच १४३७ सालच्या, ड्रेस्डेन येथील त्रिफलक चित्रातील कुमारी संत कॅथरीनचा बांधाही असाच दिसतो. तो त्या काळच्या वेषाचा आणि सौंदर्यकल्पनेचा भाग होता.

अर्थ लादण्याचा मोह किती दूर जातो, याचे निदर्शक उदाहरण पेट्रुस ख्रिस्टुस या ब्रूजच्याच चित्रकाराच्या दोन चित्रांत मिळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचे १४४६ सालचे एका कार्थूशियन संन्याशाचे व्यक्तिचित्र आणि १४४९ सालचे दुकानातील सोनाराचे चित्र आहे. दोघांच्याही मस्तकामागे तेजोवलय होते. सोनाराला तर सुवर्णकारांचा संरक्षक संत एलिजिअस म्हणूनच ओळखत. ही वलये मागाहून कोणीतरी रंगविली असल्याचे परीक्षणात दिसून आले आणि १९९०च्या दशकात ती काढून टाकण्यात आली. वलय गेल्यावर सामान्य माणसाचा चेहरा उरला. तो उणा झाला नाही. समीक्षकही शब्दांनी पुष्कळदा अशीच वलये रंगवीत असतो, आणि ती उतरवणे रंग खरवडण्याइतके सोपे नसते.

म्हणून प्रतीकवाचन सोडून द्यावे, असे मी म्हणणार नाही. आरशाच्या चौकटीत ख्रिस्तकथा रंगविणाऱ्या चित्रकाराला वस्तूंपलीकडचे काही सुचवायचेच नव्हते, असे मानणे हाही आग्रहच होय. ते चित्र आजही मी शिकविताना वापरतो; मात्र आता दोन्ही वाचने मांडतो, कोणते दस्तऐवज कोणाच्या बाजूचे ते सांगतो आणि विद्यार्थ्यांना झुंबराच्या रिकाम्या दिवटीकडे पाहावयास लावतो. पूर्वी एक तास पुरत असे. आता दोन लागतात.