आईसवीझलची दहा वर्षं

फेब्रुवारी २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या तक्रारवहीत ३५४६२२ क्रमांकाची तक्रार नोंदली गेली. तक्रार करणारा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलातला होता आणि त्याचं म्हणणं मोजकं होतं: फायरफॉक्स हे नाव तुम्ही परवानगी न घेता वापरताय. एरवी त्या वहीत प्रोग्राम बंद पडतो, फाइल उघडत नाही, असल्या तक्रारी असतात. ही नावाची होती. तिच्यातून निघालेलं प्रकरण दहा वर्षं चाललं. मी तेव्हा पुण्यातल्या एका कॉलेजची संगणक लॅब सांभाळत होतो, आणि आमच्या यंत्रांवर डेबियन होतं. त्यामुळे हा इतिहास मी लांबून वाचलेला नाही.

फायरफॉक्सला स्वतःचं नावही सुखासुखी मिळालेलं नव्हतं. २००२ साली तो आला तेव्हा त्याचं नाव फिनिक्स होतं. बायोस बनवणाऱ्या फिनिक्स टेक्नॉलॉजीजनं ट्रेडमार्ककडे बोट दाखवलं, म्हणून २००३ मध्ये तो फायरबर्ड झाला. पण फायरबर्ड नावाचा ओपन सोर्स डेटाबेस आधीपासून होता, बोरलँडच्या इंटरबेसमधून निघालेला. त्या प्रकल्पातली माणसं चिडली, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. तेही आपल्यासारखेच रात्री जागून काम करणारे. त्यांच्या कष्टानं ओळखलं जाणारं नाव एका मोठ्या ब्राउझरखाली दडपलं जाणार होतं. फेब्रुवारी २००४ मध्ये तिसरं बारसं झालं. इतकं झाल्यावर नावाच्या बाबतीत मोझिला काटेकोर झाली, यात मला नवल वाटत नाही.

त्याआधीचा धडा लिनक्सचा. १९९४ मध्ये बॉस्टनच्या एका गृहस्थानं लिनक्स या नावासाठी अमेरिकेत अर्ज केला आणि १९९५ मध्ये ते त्याच्या नावावर नोंदलंही गेलं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सशी त्याचा काही संबंध नव्हता. मग लिनक्सवर पोट असलेल्या कंपन्यांना पत्रं गेली: उत्पन्नातला दहा टक्के वाटा द्या. टोरवाल्ड्स आणि काही कंपन्या मिळून लढल्या, आणि १९९७ मध्ये तडजोड होऊन नाव टोरवाल्ड्सकडे आलं. कोड सगळ्यांचा म्हणून नाव वाऱ्यावर सोडलं, तर ते तिसराच कुणी उचलतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आता मूळ मुद्दा. ओपन सोर्स परवाना तुम्हाला कोड देतो. वाचा, बदला, वाटा, विका. नाव तो देत नाही. कोडचा हक्क कॉपीराइटमधून येतो आणि नावाचा ट्रेडमार्कमधून. हे दोन निराळे कायदे आहेत. डेबियनला हे पुरतं माहीत होतं. त्यांनी १९९७ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची जी कलमं ठरवली, त्यातल्या चौथ्या कलमातच म्हटलंय की बदललेल्या आवृत्तीला वेगळं नाव द्यावं, अशी अट मूळ लेखक घालू शकतो. ओपन सोर्सची पुढची सर्वमान्य व्याख्या याच कलमांवर बेतली गेली.

मग अडलं कुठे? डेबियनच्या स्थिर आवृत्तीत एकदा प्रोग्राम गेला की तो गोठतो. जून २००५ च्या सार्ज आवृत्तीत फायरफॉक्स १.०.४ होता. मोझिला पुढे निघून गेली तरी डेबियनची मंडळी नव्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या काढून या जुन्या कोडमध्ये बसवत राहायची. किचकट, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं काम. मोझिलाचं म्हणणं, आमच्या नावानं जे लोकांपर्यंत जाणार त्यातला प्रत्येक बदल आम्ही आधी पाहू. शिवाय डेबियननं फायरफॉक्सच्या बोधचिन्हातलं कोल्ह्याचं चित्र काढून साधा पृथ्वीचा गोल ठेवला होता, कारण त्या चित्राचा कॉपीराइट मुक्त नव्हता. मोझिलानं बजावलं: नाव हवं तर चित्रही घ्या, नाहीतर दोन्ही सोडा.

डेबियनला स्वतःपुरती खास सवलत मागता आली असती. ती त्यांनी घेतली नाही. त्यांचं आठवं कलम सांगतं की फक्त डेबियनला मिळणारा हक्क हा हक्कच नव्हे. डेबियन घेऊन त्यातून आणखी काही करणाऱ्यालाही तो तसाच मिळायला हवा. म्हणून त्यांनी नाव सोडलं. एप्रिल २००७ मध्ये एच ही आवृत्ती आली, आणि तिच्यात फायरफॉक्सच्या जागी आईसवीझल होता, याच घराण्यातल्या थंडरबर्डच्या जागी आईसडव्ह, सीमंकीच्या जागी आईसएप.

आमच्या लॅबमध्ये पोरं विचारायची, ‘‘सर, फायरफॉक्स कुठं गेला?’’ मी त्यांना हीच गोष्ट सांगायचो, आणि अभ्यासक्रमातल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा ती त्यांच्या ध्यानात राहायची. त्रासही झाला. ब्राउझर वेबसाइटला आपलं नाव कळवतो. एका बँकेच्या साइटला आईसवीझल ओळखूच यायचा नाही आणि ती दार लावून घ्यायची. पुढे डेबियननं त्या ओळखीत ‘लाइक फायरफॉक्स’ अशी भर घातली. या सगळ्या काळात काहीजण डेबियनला हेकट म्हणाले, काहीजण मोझिलाला. मला दोघंही बरोबर वाटत आले. एकाला आपल्या नावाखाली जाणाऱ्या मालाची हमी द्यायची होती, दुसऱ्याला पुढच्या माणसाचं स्वातंत्र्य राखायचं होतं.

कोंडी फुटली ती दोन्ही बाजूंनी काम झाल्यामुळे. मोझिलानं चित्राचा परवाना मुक्त केला. २०१२ पासून दीर्घ काळ सांभाळली जाणारी ईएसआर आवृत्ती निघू लागली आणि डेबियननं स्थिर आवृत्तीत तीच द्यायला सुरुवात केली. जुन्या कोडला ठिगळं लावण्याची गरज उरली नाही. डेबियनचे बदल ब्राउझरचा दर्जा बिघडवत नाहीत, हे मोझिलानं मान्य केलं. २०१६ मध्ये फायरफॉक्स आपल्या नावानं परत आला, पुढच्या वर्षी थंडरबर्डही.

आणि डेबियनचं स्वतःचं नाव? तोही ट्रेडमार्कच आहे, एसपीआय या ना-नफा संस्थेच्या नावावर. २०१३ मध्ये त्यांनी त्याची नियमावली काढली, आणि तिचा सूर मोकळा आहे. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूनं २००४ मध्ये पहिल्या दिवसापासून स्वतःचं नाव घेतलं. आधार कशाचा ते खुशाल सांगा, पण आपण म्हणजेच तो मूळ प्रकल्प, असं भासवू नका: माझ्या मते यापेक्षा न्याय्य नियम करता येणार नाही.

आपल्याकडेही कुणी शाळांसाठी मराठी लिनक्स बांधतं, कुणी प्रसिद्ध प्रकल्पाच्या नावानं क्लास काढतं, टी-शर्ट छापतं. अशांना माझी कळकळीची विनंती आहे. आधी त्या प्रकल्पाचं ट्रेडमार्क धोरण वाचा. बहुतेक मोठ्या प्रकल्पांचं ते उघड लिहिलेलं असतं. ‘अमुकवर आधारित’ असं स्पष्ट लिहा, आपल्या कामाला आपलं नाव द्या, आणि शंका असेल तर छपाईला देण्याआधी लेखी विचारा.