वाघोलीचे निळे खनिज : कागदांवरून लागलेला माग

पुण्याच्या नावाचे एक खनिज एकदा जगाच्या यादीत दाखल झाले होते आणि नंतर ते पुसलेही गेले. १८३१ साली हेन्री जेम्स ब्रुक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने दख्खनमधून आलेल्या सुईसारख्या स्फटिकांचे वर्णन छापले आणि त्यांना ‘पूनालाइट’ म्हटले. हा दगड नवा नसून मेसोलाइट हे झिओलाइट गटातले आधीपासून ठाऊक असलेले खनिज आहे, हे एच. एल. बोमन यांनी १९०९ साली ‘मिनरलॉजिकल मॅगझिन’मध्ये दाखवून दिले. पूनालाइटचे ‘पूना’ एवढेच नाव मागे राहिले. त्यामागची खाण किंवा खिंड कोणती, हे त्या नावावरून कळत नाही. पुण्याच्याच परिसरातल्या दुसऱ्या एका दगडाचे कागद लावून पाहताना ही जुनी गोष्ट मला सतत जवळ ठेवावी लागली.

हा दुसरा दगड म्हणजे कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांचे हे पाणीधारी संयुग, आणि घटकांच्या आद्याक्षरांवरून जोडलेले त्याचे नाव. वाघोलीच्या खाणींतून निघालेले त्याचे निळे गोळे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण त्याचा पहिला कागद वाघोलीत सुरू होत नाही.

तो सुरू होतो अमेरिकेच्या ओरेगन राज्यात. ‘अमेरिकन मिनरलॉजिस्ट’च्या १९७३ च्या ५८ व्या खंडात दोन लेख पाठोपाठ आले. पहिल्यात लॉइड स्टेपल्स, हॉवर्ड इव्हान्स आणि जेम्स लिंडसे यांनी कॅव्हनसाइट आणि पेंटॅगोनाइट ही दोन खनिजे जाहीर केली. दुसऱ्यात इव्हान्स यांनी दोघांची अंतर्रचना क्ष-किरणांनी उलगडली. नमुने दोन जागांचे होते : ओवायही धरणाचा परिसर आणि कोलंबिया काउंटीतले गोबल. दोन्ही ठिकाणी ज्वालामुखीजन्य खडक, आणि स्फटिक मात्र बारीक व तुरळक.

दोन्ही खनिजांचे रासायनिक सूत्र एकच आहे. सूत्रावरून हिशेब केला तर वजनाचा साधारण ५३ टक्के भाग सिलिका, सुमारे १६ टक्के पाणी आणि ११ टक्क्यांच्या आसपास व्हॅनेडियम निघते. फरक आहे तो मांडणीचा. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या चतुष्फलकांचे थर दोघांतही आहेत. कॅव्हनसाइटच्या थरांत चार-चार आणि आठ-आठ चतुष्फलकांची कडी दिसतात, पेंटॅगोनाइटच्या थरांत सहा-सहांची. हे थर एकमेकांना जोडून धरणारे दुवे व्हॅनेडियमचे आहेत, आणि मधल्या पोकळ्यांत कॅल्शियम व पाणी बसलेले आहे. पेंटॅगोनाइटचे स्फटिक पाच-पाचांच्या जुळ्या रूपात वाढून पंचकोनी चांदणी करतात. नाव त्यावरूनच आले.

कॅव्हनसाइटचा निळा रंग पाहणाऱ्याला आधी भुरळ घालतो, पण मला तो एक पुरावा वाटतो. हा रंग चार संयुजेच्या व्हॅनेडियमचा, ऑक्सिजनच्या एका अणूशी अगदी जवळून बांधलेल्या. भोवतालच्या पाण्यात ऑक्सिडीकरण जास्त असते तर व्हॅनेडियम पाच संयुजेकडे सरकले असते. फार कमी असते तर तीनवर थांबले असते. दोन्ही वेळा हा दगड बनला नसता. शिवाय बेसाल्टमध्ये व्हॅनेडियम असते दशलक्ष भागांत काहीशे भाग एवढेच. ते खडकातून सुटून पाण्यात यावे, तिथे कॅल्शियम आणि सिलिका तयार असावी आणि ऑक्सिजनचे प्रमाण नेमके जुळावे, हे क्वचित घडते. म्हणून जगात या खनिजाची ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आता वाघोली. पुण्याच्या ईशान्येला, नगर रस्त्यावरचे हे गाव. शहराच्या इमारतींना आणि रस्त्यांना लागणारी खडी या पट्ट्यातून गेली. सुरुंग, पोकलेन, क्रशर आणि धुळीने पांढरी झालेली झाडे, असा हा मुलूख. इथल्या कॅव्हनसाइटवरचा माझ्या माहितीतला सर्वांत जुना छापील लेख जर्मन भाषेत आहे. विल्के, श्नोरर-क्योलर आणि भाले यांनी तो ‘लापिस’ या संग्राहकांच्या मासिकात १९८९ च्या आरंभी छापला. मथळ्यात ठिकाण दिले आहे ते फक्त ‘भारतातील कॅव्हनसाइट’ असे. लेख वर्षाच्या सुरुवातीला छापून आला, म्हणजे नमुना हाती येणे, तो ओळखणे, छायाचित्रे घेणे आणि मजकूर जुळवणे हे सगळे १९८८ मध्येच उरकलेले असणार. खाणीतून व्यापाऱ्याकडे आणि तिथून युरोपात पोचायला लागणारा वेळ धरला तर दगड फुटल्याचा क्षण आणखी थोडा मागे जातो.

दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, रुस्तम कोठावाला यांनी ‘मिनरलॉजिकल रेकॉर्ड’मध्ये याच विषयावर लेख लिहिला आणि मथळ्यातच वाघोलीचे नाव घातले. हे काम मला फार मोलाचे वाटते. त्या एका शब्दामुळे पुढच्या अभ्यासकाला नेमक्या खाणीवर परत जाता आले. पूनालाइटच्या वाट्याला असा शब्द आला नव्हता.

आणि अभ्यासक परत गेलेही. पुण्याचे ए. व्ही. फडके आणि ए. आपटे यांनी १९९४ मध्ये वाघोलीच्या कॅव्हनसाइटचे तापवल्यावर होणारे बदल ‘मिनरलॉजिकल मॅगझिन’मध्ये मांडले. बोमन यांनी पूनालाइटचा निकाल लावला तेही हेच नियतकालिक. पंचाऐंशी वर्षांनी त्याच पानांवर पुण्याचे अभ्यासक पुण्याच्या दगडाबद्दल बोलत होते. २००१ मध्ये के. बी. पोवार आणि के. बायरप्पा यांनी क्ष-किरण, उष्णता आणि अवरक्त किरण या तिन्ही मार्गांनी त्याची तपासणी केली. तापवण्यावर एवढा भर का? कारण या खनिजातले पाणी पोकळ्यांत बसलेले असते आणि ते निघून गेल्यावर चौकट कशी वागते, हा खरा प्रश्न आहे. रिनाल्डी, प्लुथ आणि स्मिथ यांनी १९७५ मध्येच २२० अंश सेल्सिअसला पाणी गमावलेल्या कॅव्हनसाइटची रचना छापली होती. झिओलाइटशी त्याचे नाते जुळते ते इथे, जरी काटेकोर व्याख्येने तो झिओलाइट नसला तरी.

हातात घेतला तर दगड नाजूक आहे. कठिणता तीन ते चार, म्हणजे चाकूने ओरखडा पडतो. पाण्याच्या सव्वादोन पटींच्या आसपास घनता. बहुधा फिकट स्टिल्बाइटवर बसलेला, जोडीला ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट. वाघोलीत पेंटॅगोनाइटही मिळाले. एकाच गावात दोन्ही भावंडे सापडावीत हे दुर्मीळ.

मुंबईच्या बाजूचा एक कागद इथे वाचायला हवा. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे आर. एन. सुखेश्वाला यांनी अवासिया आणि गंगोपाध्याय यांच्यासह १९७४ मध्ये पश्चिम भारतातल्या दख्खन ट्रॅपच्या झिओलाइटांचा आढावा घेतला आणि त्यांचे वाटप पट्ट्यापट्ट्यांनी दाखवले. मुंबईच्या साष्टी बेटावरच्या खाणींनीही अभ्यासकांना दुर्मीळ कॅल्शियम सिलिकेटे दिली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदींत मुंबईच्या गायरोलाइट आणि ओकेनाइटवर डब्ल्यू. ए. के. ख्रिस्ती यांचा लेख १९२५ चाच आहे. सुखेश्वालांचा आढावा ओरेगनच्या लेखानंतर एका वर्षाने आला, तरी त्यात कॅव्हनसाइट नाही. यात आढाव्याचा दोष नाही. खाण खोल आणि रुंद होत जाते तसा नवा खडक उघडा पडतो, आणि पुण्याची वाढ तेव्हा वाघोलीच्या खडकापर्यंत पोचायची असावी.

या खडकातल्या पोकळ्या कधी भरल्या, याचाही थोडा हिशेब लागला आहे. दख्खनचा लाव्हा वाहिला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. बर्टहोल्ड ओटेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की पोकळ्यांतली खनिजे एका दमात आलेली नाहीत. ती अनेक टप्प्यांनी, लाव्हा थंड झाल्यानंतरही कोट्यवधी वर्षे येत राहिली.

एवढे कागद समोर मांडले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. लेखांवर प्राध्यापकांची, संग्राहकांची, व्यापाऱ्यांची नावे आहेत. घणाखाली पोकळी फुटल्यावर निळा ठिपका दिसला, हात थांबला आणि तो तुकडा क्रशरमध्ये न टाकता बाजूला ठेवला गेला. तो हात ज्याचा, त्याचे नाव एकाही मथळ्यावर नाही. क्रशरमध्ये गेलेली पोकळी खडी होते आणि संपते. म्हणजे शास्त्राच्या हाती आलेला प्रत्येक स्फटिक हा आधी कुणा खाणकामगाराने घेतलेला निर्णय आहे. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारा वडार समाज आणि बाहेरगावांहून आलेले मजूर या खाणींवर राबले. त्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने खाणींवरच पाषाण शाळा चालवल्या.

या मजुरांचे आणि खाणींचे कागद मात्र असतात, फक्त वेगळ्या कपाटात. बेसाल्ट हे महसूल खात्याच्या लेखी गौण खनिज. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, स्वामित्वधन ब्रासवर, आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्या नोंदींत खाणीचा गट क्रमांक, क्षेत्र आणि उपसलेला दगड मिळतो. १९५२ च्या खाण कायद्याने खाणमालकावर कामगारांची नोंदवही ठेवण्याचे बंधन होते. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली आणि खाणींच्या जागी वसाहती उभ्या राहू लागल्या. बुजलेल्या खाणीचा पत्ता आता या दप्तरांतूनच सापडेल. १९८७ ते १९९१ या वर्षांची परवान्यांची दप्तरे आणि कामगारांच्या नोंदवह्या आधी शोधाव्यात, आणि कोठावालांच्या लेखातल्या खाणीशी त्यांचे गट क्रमांक जुळवून पाहावेत. हे काम पुण्यात बसून करता येण्यासारखे आहे.