गळाची काठी आणि माशाची भूक

राजगडाच्या पायथ्याशीं पाली नांवाचें लहानसें गांव आहे. गडावरील पाली दरवाजास ज्या गांवामुळें नांव मिळालें तें हेंच. त्यामुळें इतिहासाच्या वाचकांस तें अपरिचित नाहीं. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गड उतरून खालीं आलों आणि ओढ्याच्या कांठीं विसांवा घेत बसलों असतां मासे धरणारे दोघे दृष्टीस पडले. एक गांवांतलाच दहा-बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या हातीं कळकाची काठी, तिला बांधलेली नायलॉनची दोरी आणि टोंकास गांडूळ लावलेला गळ, एवढाच सरंजाम होता. दुसरे शहरांतून आलेले एक गृहस्थ. त्यांची काठी दुर्बिणीप्रमाणें एकांत एक मिटणारी होती. तिला चकचकीत रीळ होतें, मासा लागल्याची वर्दी देणारी घंटा होती, आणि अंधारांत लागणारा एक दिवाही होता. दोन तासांत मुलानें पांच लहान मासे काढले. गृहस्थांची घंटा दोनदां वाजली, ती दोन्ही वेळां वाऱ्यानें.

ते सामान आंवरून निघून गेले, तरी मुलाची नजर त्यांच्या काठीवरून हटली नव्हती. थोड्या वेळानें तो मजजवळ येऊन म्हणाला, "सर, तसली काठी घेतली म्हंजी मासं जास्ती घावत्यात का?"

आपण पांच मासे धरले आणि त्या गृहस्थांनी एकही नाहीं, हें प्रत्यक्ष पाहूनही त्याला हा प्रश्न पडावा, याचें मला नवल वाटलें. परंतु विचार करतां प्रश्न रास्त आहे. एका संध्याकाळचा अनुभव हा कांहीं पुरावा नव्हे. मुलास तो डोह लहानपणापासून ठाऊक होता, गृहस्थांस तो नवा होता. तेव्हां काठीची कसोटी लागली असें म्हणतां येत नाहीं. शिवाय तसल्या काठीची किंमत त्याच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढी तरी असणार. तेव्हां उत्तर देणें तें जपूनच दिलें पाहिजे. मी इतिहास शिकविणारा माणूस असल्यामुळें उत्तर शोधण्यासाठीं इतिहासाकडेच वळलों.

प्रथम आपल्या भाषेचीच साक्ष घ्यावी. 'आमिष दाखविणें', 'गळ घालणें', 'गळाला लागणें', 'जाळें पसरणें' हे प्रयोग आपण रोज करतों. मासेमारीच्या धंद्यांतून भाषेनें गळ उचलला, आमिष उचललें, जाळें उचललें. काठी मात्र उचलली नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्या काठीस स्वतंत्र असें नांवही आपण दिलें नाहीं. 'गळाची काठी' एवढ्यावरच भागविलें. भाषा हा शास्त्रीय पुरावा नव्हे हें खरें. परंतु पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव म्हणींत आणि वाक्प्रचारांत गोठून राहतो, आणि त्या अनुभवास काठी दुय्यम वाटली असें दिसतें.

ग्रंथाची साक्षही याहून निराळी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल म्हणत, त्यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा विस्तीर्ण ग्रंथ रचिला. मराठी भाषेच्या अभ्यासकांस तो त्यांतील जुन्या मराठी पद्यखंडांमुळें माहीत असतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं त्याचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध केला. वीस-वीस अध्यायांच्या पांच विंशति अशी या ग्रंथाची रचना असून, चौथ्या म्हणजे विनोदविंशतींत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचा परामर्श घेतला, तेव्हां गळानें मासे धरण्याच्या कलेवरील इतका जुना व व्यवस्थित लेख आपल्या देशांत आहे हें विद्वानांच्या ध्यानीं आलें.

या प्रकरणांत काठी, दोरी आणि गळ यांचें वर्णन आहेच. परंतु राजाची दृष्टि खरी खिळली आहे ती माशावर. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते, आणि कोणास पिठाचे गोळे आवडतात व कोणास मांस, याची तो बारकाईनें नोंद करतो. मासे आधीं चारा घालून एका जागीं जमवावे, त्यांस त्या जागेची संवय लावावी, आणि मग गळ टाकावा, हा त्याचा क्रम. ज्याच्या पदरीं कारागिरांची वाण नव्हती, जो हवी तर सोन्याची काठी करवूं शकला असता, त्या राजानें आपली लेखणी माशाच्या भुकेवर झिजविली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां युक्तीच्या काठ्यांचा इतिहास पाहूं. त्या आजच्या बाजारानें निर्माण केल्या असें पुष्कळांस वाटतें. पण तसें नाहीं. इंग्लंडांत १४९६ सालीं विंकिन डि वर्ड या मुद्रकानें गळाच्या कलेवर एक लहानसा प्रबंध छापला. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या जोगिणीस देते. त्यांत पोकळ काठी करण्याची कृति दिली आहे. वरचा भाग खालच्या भागांत सरकवून ठेवावयाचा, म्हणजे ती हातांतल्या साध्या काठीसारखी दिसते आणि आपण कोणत्या कामास निघालों आहों हें वाटेंतल्या कोणासही कळत नाहीं! छापील वाङ्मयांतील या पहिल्या युक्तीचा हेतु माशास फसविण्याचा नसून शेजाऱ्यास फसविण्याचा होता. पुढील पांचशें वर्षांत निघालेल्या कित्येक काठ्यांस हें वर्म लागू पडतें.

तथापि सर्वच शोध एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. रिळाचेंच उदाहरण घ्या. चीनमध्यें इ. स. ११९५ च्या सुमारास मा युआन याचें म्हणून मानल्या जाणाऱ्या एका चित्रांत होडींतल्या एकाकी कोळ्याच्या काठीस रीळ स्पष्ट दिसतें. इंग्लंडांत त्याचा उल्लेख टॉमस बार्कर याच्या १६५१ च्या पुस्तकांत येतो. म्हणजे आयझॅक वॉल्टन याचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं निघाला त्याच्या दोनच वर्षें आधीं. रिळानें खरी अडचण दूर केली. दोरी काठीच्या शेंड्यास बांधलेली असली म्हणजे मोठा मासा पळूं लागतांच एक तर दोरी तुटते, नाहीं तर काठी हातांतून जाते. रीळ असलें म्हणजे दोरी सोडतां येते, मासा थकला कीं गुंडाळतां येते. पुढें १९०५ सालीं ब्रॅडफर्ड येथील लोंकरीच्या गिरणीचे एक मालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनीं न फिरणाऱ्या रिळाचें पेटंट घेतलें. गिरणींतल्या कांडीवरून सूत जसें अलगद सुटतें तशी दोरी सुटावी, ही त्यांची कल्पना. तिच्यामुळें हलकें आमिष दूर फेंकणें सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें.

काठीच्या द्रव्याचीही अशीच कथा आहे. अमेरिकेंतील ईस्टन गांवचा सॅम्युएल फिलिप हा बंदुका व सारंग्या करणारा कारागीर. त्यानें १८४० नंतरच्या दशकांत बांबूच्या चिरफाळ्या जोडून काठी बनविण्यास आरंभ केला. या कामीं प्रथम जो बांबू वापरला गेला तो कलकत्त्याच्या नांवानें ओळखला जाई. म्हणजे माल आमच्याच बाजूचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंच्या काठ्या आल्या, १९७० नंतर कार्बनतंतूंच्या. काठी हलकी होत गेली, हात कमी दुखूं लागला, दोरीच्या टोंकाशीं होणारी हालचाल बोटांस अधिक नीट कळूं लागली. हे लाभ नाकारण्यांत अर्थ नाहीं.

मग काठी नेमकें करते काय? तिचीं कामें तीन: आमिष योग्य जागीं पोंचविणें, माशानें तोंड लावल्याचें हातास कळविणें, आणि वांकून माशाचे हिसके पचविणें, म्हणजे बारीक दोरी तुटत नाहीं. उच्चालकाचा नियम पाहिला तर लांब काठीमुळें जोर माशाच्या बाजूस जातो, धरणाऱ्याच्या नव्हे. तिचें वांकणें हीच तिची किंमत. या तिहींपैकीं कोणतेंही काम जी काठी अधिक चांगलें करील तिचा उपयोग होईल, पण तो देखील त्या कामाची तेथें गरज असेल तरच. जी काठी यांपैकीं कांहींच न करतां खिशांत मावते, मिटून लेखणी होते, किंवा दिवा लावते, ती विकत घेणाऱ्याची गरज भागविते. माशाचा तिच्याशीं संबंध येत नाहीं. अमेरिकेंत १९७२ सालीं पोपील यांच्या व्यवसायानें काढलेली खिशांतली काठी दूरचित्रवाणीवरील जाहिरातींमुळें घरोघर ठाऊक झाली. ती सोयीची खरी. पण सोय आणि शिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताण बसतांच स्प्रिंगनें आपोआप झटका देणाऱ्या काठ्याही निघाल्या; परंतु नुसता चाखणारा मासा आणि गिळणारा मासा यांतील भेद स्प्रिंगेस कळत नाहीं. तो हातासच कळतो, आणि तोही शिकलेल्या हातास.

म्हणून जागेचा विचार आधीं केला पाहिजे. भोर येथील वेळवंडी नदीवर १९२८ सालीं भाटघरचें मोठें धरण पुरें झालें आणि नदीचें सरोवर झालें. अशा रुंद, खोल जलाशयाच्या कांठावर कळकाची काठी पोंचते ती चार पावलें; तेथें रीळ खरोखर उपयोगी पडतें. पालीच्या ओढ्यावर, जेथें पैलतीर दहा पावलांवर आहे, तेथें शंभर हात फेंकणारें रीळ घेऊन काय करावयाचें?

परंतु जास्त मासे मिळणें न मिळणें हें अंतीं काठीवर नसून पाण्यावर अवलंबून असतें, याचा एक लक्षांत ठेवण्यासारखा पुरावा अलीकडे मिळाला आहे, आणि त्यांत आपल्या पुण्याचा मासा गुंतलेला आहे. कर्नल साइक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन करतांना १८३९ सालीं मुळा-मुठेंतील एका महसीर माशास 'खुदरी' या देशी नांवावरूनच शास्त्रीय नांव दिलें. पुढें १९७० नंतर लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रांत या माशाची कृत्रिम पैदास सुरू झाली, आणि तेथील पिलें परप्रांतींच्या नद्यांतही सोडण्यांत आलीं. कावेरी ही त्यांतलीच एक. त्या नदीवर गळानें मासा धरून पुन्हा पाण्यांत सोडून देणाऱ्या हौशी लोकांनीं १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या आपल्या शिकारीची टिपणें ठेविलीं होतीं. शास्त्रज्ञांनीं तीं तपासून २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. महसीरांची संख्या वाढत गेली होती, वजन घटत गेलें होतें, आणि कावेरीचा मूळचा कुबड्या महसीर गळाला लागणें जवळजवळ बंद झालें होतें. त्याची जागा आमच्या खुदरीनें घेतली होती. त्या कुबड्या महसीराची शास्त्रीय ओळख २०१८ सालीं निश्चित झाली, ती तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आल्यानंतर.

येथें गळ टाकणारे कसलेले, त्यांचीं उपकरणें उत्तम, आणि तरीही एक मासा वाढला व दुसरा दिसेनासा झाला. हा बदल काठीनें घडविला नाहीं. तो नदींत काय सोडलें यानें घडविला. आणि सोडणाऱ्यांचा हेतु शुद्ध होता, हें त्यांतलें दुःख.

उलट बाजूचा दाखला घाट उतरल्यावर मिळतो. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नांवाचा डोह आहे. वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळें तेथील महसीर कोणी धरीत नाहीं. लोक त्यांस खाऊ घालतात आणि मोठमोठे मासे माणसाच्या हांकेच्या अंतरावर येतात. तेथें गळ टाकला तर वाकड्या काठीसही मासा लागेल. मासे तेथें आहेत, कारण त्यांस राहूं दिलें आहे. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वर येणारे चढणीचे मासे आमच्या मावळांत हौसेनें धरतात; पण ते अंडीं घालावयास निघालेले असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढच्या वर्षीं ओढ्यांत मासे कां कमी, हें कोणत्याही काठीस विचारावें लागत नाहीं.

इतकें सगळें त्या मुलास सांगणें शक्य नव्हतें. मी त्यास म्हटलें, "बाळ, तुझी काठी या ओढ्याला पुरे आहे. पैसे जमलेच तर चांगला बारीक गळ आणि चांगली दोरी घे. पुढेंमागें भाटघरच्या पाण्यावर जाशील तेव्हां रिळाचा विचार कर. घंटेचा मुळींच करूं नको."

त्यानें मान डोलावली. मग आपल्या पांच माशांतला सर्वांत लहान, बोटाएवढा, अजून तडफडत होता, तो उचलून त्यानें परत पाण्यांत टाकला. मीं कारण विचारलें, तर म्हणाला, "ह्यो अजून वाढंल."