साखर कुणाच्या हातची?

रमजानचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरी वाणसामानाची यादी होते. शेवया, खारीक, खोबरे, चारोळी आणि सर्वांत वर साखर. दुकानात आम्ही भाव विचारतो, वजनाकडे लक्ष ठेवतो. बिस्किटात, मिठाईत काही हराम घटक नाही ना, याचीही खात्री करून घेतो. पण ही साखर कुणाच्या हातची, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

आम्ही मराठवाड्यातल्या एका उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. गुलामांच्या व्यापाराचा धडा चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, ती साखर विकत घेणाऱ्यांना हे माहीत नव्हतं का?"

माहीत होते. म्हणूनच हा इतिहास सांगण्यासारखा आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या चहात पडणारी साखर जमैका, बार्बाडोस या बेटांवरून येई. तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. पश्चिम आफ्रिकेतून नेलेल्या या माणसांत मुसलमानही होते. एप्रिल 1791 मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव ब्रिटिश संसदेत 88 विरुद्ध 163 मतांनी फेटाळला गेला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढले. त्यांचा हिशेब सरळ होता. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने ती आणि तिच्या जोडीची रम एकवीस महिने वर्ज्य केली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचेल. पत्रकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. सुमारे तीन लाख लोकांनी ही साखर सोडल्याचा अंदाज थॉमस क्लार्कसन यांनी नोंदवला आहे.

या चळवळीचा खरा भार स्त्रियांनी उचलला. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण घरात काय शिजेल आणि दुकानातून काय येईल, हे त्या ठरवत. 1820 नंतर लेस्टर शहरात एलिझाबेथ हेरिक आणि त्यांच्या सोबतिणी दारोदार फिरल्या. किराणा दुकानदारांनाही त्यांनी गुलामांच्या हातची साखर ठेवू नका, असे विनवले. 1824 मध्ये हेरिक यांनी गुलामी हळूहळू नव्हे, ताबडतोब बंद करा, अशी मागणी छापून मांडली. मोठे पुढारी तेव्हा 'हळूहळू'च म्हणत होते.

केवळ बहिष्काराने गुलामी संपली, असे मात्र आम्ही विद्यार्थ्यांना सांगत नाही. गुलामांनी स्वतः बंड केले. 1791 चे हैती आणि 1831 चे जमैका विसरून चालणार नाही. अखेर 1833 मध्ये कायदा झाला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, पण ती मालकांना. गुलामांच्या हाती एक पैसाही पडला नाही.

आता आपल्याकडे येऊ. त्या काळात इंग्लंडमध्ये साखरेची भांडी विकली जात. 'ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी बनवलेली नाही' अशा अर्थाची अक्षरे त्यांवर रंगवलेली असत. गिऱ्हाईक समाधानाने चमचा बुडवी. वास्तविक खुद्द हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता 1843 मध्ये काढून घेतली गेली. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात 36 हिंदी मजूर ऊसमळ्यांसाठी उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, मुंबई इलाख्यातले मराठी बोलणारेही होते. करारावर अंगठा घेतला जाई, त्याला ते 'गिरमिट' म्हणत. गुलाम हा शब्द गेला, पण ऊस तोडणारा माणूस बांधलेलाच राहिला. भांड्यावरची अक्षरे वाचून लोकांनी प्रश्न विचारणे थांबवले होते.

आमच्या वर्गात दिवाळीनंतर काही बाक रिकामे होतात. मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याला खाडा परवडत नाही. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे तिच्या पाहणीत आढळले. ही साखर लांबच्या बेटावरची नाही, आपल्याच डब्यातली आहे.

म्हणून साखर सोडावी का? सोडल्याने पहिला फटका तोडणाऱ्यालाच बसेल, असे आम्हाला वाटते. पण विचारणे आपल्या हातात आहे. आपल्यापैकी कितीतरी जण सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत आपण उसाच्या भावावर बोलतो. टोळीच्या खोपट्यांना पाणी आहे का, बायांसाठी संडास आहे का, मुलांच्या शाळेचे काय, हेही तिथे विचारता येईल. कुरआनात 'हलाल' बरोबर 'तय्यब' हा शब्द येतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची शिकवण तर घराघरांत ठाऊक आहे. ती आपण मालकासाठी राखून ठेवली. गिऱ्हाईकही त्या व्यवहारात सामील असते, हे विसरलो.

त्या मुलाला आम्ही तेव्हा उत्तर दिले, "माहीत होतं, बेटा. काहींनी विचारलं, बाकीच्यांनी साखर ढवळली." यंदा दिवाळीनंतर त्याचाही बाक रिकामा होता.