मोगली नेमका कुठला?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कसला इतिहास? पण ऐका. साल १९९३, रविवारची सकाळ, दूरदर्शन, आणि जंगलात उड्या मारणारा तो चड्डीतला पोरगा. एवढं म्हटलं की आज चाळिशीच्या आगेमागे असलेल्यांच्या डोक्यात एक गाणं आपोआप सुरू होतं. ते मी म्हणून दाखवणार नाही, माझा गळा त्या कामाचा नाही. पण तो मोगली आपल्या घरात आला कुठून, हे मात्र आज सांगणार आहे.

मी जबलपूरची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आजोळ नागपूरला. दर उन्हाळ्यात आम्ही एसटी स्टँडवरून, म्हणजे तिकडच्या भाषेत बस अड्ड्यावरून, सकाळची गाडी पकडायचो. लखनादौन, सिवनी, मग कुरईचा घाट, खवासा आणि पुढे महाराष्ट्र. एका वर्षी मामा न्यायला आला होता. घाटात गाडी हळू झाली तेव्हा खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, ''बघून घे गं, हेच तुझ्या मोगलीचं जंगल.'' मला वाटलं, मामा नेहमीसारखी थट्टा करतोय. टीव्हीवर दिसणारा माणूस आपल्या बसच्या रस्त्यावर राहतो, यावर कोण विश्वास ठेवणार! बाहेर तर वाळलेला साग आणि धूळ. मोगलीचं जंगल हिरवंगार होतं.

मामाचं बरोबर होतं, हे मला कळायला पुढची पंधराएक वर्षं लागली.

रुडयार्ड किपलिंगच्या 'द जंगल बुक'मधली लांडग्यांची टोळी सिवनीच्या डोंगरातली आहे. त्याने स्पेलिंग वेगळं केलंय, पण गाव तेच. गोष्टीतली वैनगंगा म्हणजे आपलीच वैनगंगा. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटकडून महाराष्ट्रात येते, गोंदिया, भंडारा, गडचिरोली करत वर्धेला मिळते, आणि मग त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. भंडाऱ्यात ज्यांचं बालपण गेलं ते मोगलीच्याच नदीत पोहले. हा सगळा मुलूख आधी गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ मध्ये, तो इंग्रजांच्या हातात गेला. साहेब आले, मोजणी आली, शिकारीचे तंबू आले आणि त्यांच्यामागून पुस्तकं आली.

त्यातली दोन आपल्या कामाची. पहिलं खरं तर पुस्तक नाही, छोटी पुस्तिका. लिहिणारा विल्यम स्लीमन, ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेला तोच. आमच्या जबलपूरकरांना तो चांगला माहीत आहे, जवळच स्लीमनाबाद नावाचं स्टेशनच आहे. पुढे तो लखनौला रेसिडेंट झाला आणि अवधमध्ये लांडग्यांनी वाढवलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मुलांच्या हकिकती त्याने गोळा केल्या. त्या १८५२ मध्ये छापल्या गेल्या. त्या किती खऱ्या, हा वेगळा वाद आहे, त्यात आज शिरत नाही. दुसरं पुस्तक रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याचं, १८७७ सालचं. सातपुड्यातली छावणी, शिकार, गावं, आणि शीर्षकातच सिवनी. हे स्टर्नडेल पुढे सेंट हेलेना बेटाचे गव्हर्नर झाले, नेपोलियन मेला त्या बेटाचे. कुठे सिवनी, कुठे सेंट हेलेना! साम्राज्यात माणसांच्या बदल्या अशाच व्हायच्या.

किपलिंग स्वतः सिवनीला कधी गेला नाही, असंच त्याचे अभ्यासक मानतात. वाचलेल्यावरून आणि ऐकलेल्यावरून त्याने जंगल उभं केलं. आणि कुठे बसून? अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हा माणूस आत बसून मध्य भारतातल्या उन्हाळ्याचं वर्णन लिहितोय. पहिला भाग १८९४ मध्ये आला, दुसरा १८९५ मध्ये.

इथे मला थोडं थांबायचंय. आपल्याला किपलिंग माहीत असतो तो साम्राज्याचा भाट म्हणून. तो होताही. पण त्याचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. त्याला सांभाळणारी आया गोव्याकडची कॅथलिक बाई होती, आणि मीता नावाचा एक गडी होता. हा मुलगा त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलायचा, गोष्टी ऐकायचा. आईवडिलांसमोर नेताना त्याला बजावून पाठवावं लागे की आता इंग्रजी बोल. हे त्याने स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवलंय. मग पाच वर्षांचा असताना त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी ठेवून आईवडील परत आले. कारणही नीट सांगितलं नाही. त्या घरात त्याने जे छळाचे दिवस काढले, ते तो आयुष्यभर विसरला नाही.

आता गोष्ट आठवा. एक मूल, आपल्या माणसांपासून तुटलेलं. ज्यांनी वाढवलं ते रक्ताचे नाहीत, आणि जे रक्ताचे आहेत त्यांची भाषा येत नाही. जंगल म्हणतं तू माणूस, गाव म्हणतं तू जनावर. व्हरमाँटच्या बर्फात बसून किपलिंगला सिवनीची आठवण येत नव्हती, ती येणार कुठून? त्याला त्या आयाची आणि मीताची आठवण येत असावी, असं मला वाटतं. पुरावा म्हणून टेबलावर ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण सहा-सात वर्षांची असताना मी टीव्हीसमोर का रडायचे, हे मला त्यावरून जरा समजतं.

नावांची गंमत सांगते. प्राण्यांची नावं किपलिंगने इथूनच उचलली: भालू, बघीरा, हाथी, अकेला. मोगली हे नाव मात्र त्याच्या मनचं. जंगलाच्या भाषेत त्याचा अर्थ बेडूक, असं त्याने गोष्टीत ठोकून दिलंय. आणि त्याचा उच्चार तो 'मौग्ली' असा करायचा. आपण त्याचं सरळ मोगली करून टाकलं. माझ्या आजीला मोगली म्हटलं की फक्त मोगली एरंड ठाऊक. आणि भालू म्हणजे तिच्या मराठीत म्हातारी कोल्हीण. पडद्यावर अस्वल बघून ती म्हणायची, ''हे कसलं गं भालू?'' आम्ही हिंदीत वाढलेली नातवंडं तिला हसायचो. बरोबर दोघंही होतो.

आता जपान. आपण जी मालिका पाहिली ती निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीची, १९८९-९० मध्ये टीव्ही टोकियोवर दाखवलेली, ५२ भागांची. त्यांनी किपलिंगच्या गोष्टी घेऊन त्यात पुष्कळ भर घातली. मोगलीच्या हातात बूमरँग दिलं. त्याच्याबरोबर फिरणारा, तपकिरी, झुपकेदार शेपटीचा तो किची आठवतोय ना? तो रेड पांडा आहे. रेड पांडा राहतो पूर्व हिमालयात, सिक्कीम-अरुणाचलच्या थंडीत. सिवनीच्या मे महिन्यात तो एक आठवडा काढणार नाही! पण आम्हाला काय त्याचं. आम्ही त्याला खारीचा मोठा भाऊ समजत होतो.

म्हणजे हिशेब बघा. सातपुड्याचं जंगल, अवधच्या हकिकती, मुंबईतलं बालपण, अमेरिकेतलं लेखन, जपानी चित्रं. आणि हे सगळं १९९३ मध्ये हिंदीत उतरून दूरदर्शनवर आलं. बरेच प्राणी हिंदीच नावं घेऊन गेले होते, तशीच घेऊन परत आले. शंभर वर्षांनी घरी आलेल्या पाहुण्यांची नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही.

हिंदीत आणताना दोन गोष्टी इथल्या झाल्या आणि त्यांनीच सगळा खेळ जिंकला. एक, शीर्षकगीत. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची. तेव्हा विशाल भारद्वाज हे नाव कोणाला माहीत नव्हतं, 'माचिस' यायला अजून तीन वर्षं होती. मुलांच्या गाण्यात चड्डी हा शब्द बेधडक वापरायचा, आणि तोही असा की त्याची कविता व्हावी, हे काम गुलजारच करू जाणे. दुसरी गोष्ट शेरखानचा आवाज, नाना पाटेकरांचा. आमच्या घरी बाबा वर्तमानपत्रातून मान वर करून फक्त शेरखान बोलला की बघायचे. वैनगंगेकाठचा वाघ मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाच्या आवाजात गुरगुरतोय, याचा त्यांना भारी अभिमान. शेजारचे तिवारीजी म्हणायचे, ''आपका शेरखान बोल रहा है।''

हीच मालिका अरबी देशांतही तुफान चालली. तिथे अरबी आवाज, अरबी गाणं. तिथली माझ्या वयाची माणसं त्या गाण्याने अशीच हळवी होतात. चित्रं सगळ्यांना एकच मिळाली, पण जो तो प्रेम करतो ते आपल्या कानांनी ऐकलेल्यावर.

आपल्या बाजूला आणखी एक कारण होतं, वेळेचं. स्टार टीव्ही १९९१ मध्ये आला, झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला. म्हणजे मोगली आला तेव्हा केबलची तार गल्लीत शिरायला लागली होती, पण बहुतेक घरांत अजून दूरदर्शनच. 'रामायण' आणि 'महाभारत' मोठ्यांनी आम्हाला दाखवलं. मोगली आमचा आम्ही बघितला. त्यानंतर पाच-सात वर्षांत रिमोट आला, मुलांचे वेगळे चॅनल आले आणि सगळी पांगापांग झाली. पुढे नोकरीला बेंगळुरूला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणी ते गाणं गुणगुणलं, आणि तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळे सामील झाले. हिंदी धड न येणारेसुद्धा. जबलपूर कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, मोगलीच्या गावाहून पुढे, तीन तासांवर.

फक्त 'तेव्हा भारतातलं प्रत्येक मूल रविवारी टीव्हीसमोर होतं' असं कोणी लिहिलं की मी चुळबुळते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी रविवारी मुलीला घेऊन यायच्या. माझ्याच वयाची. आम्ही भावंडं सतरंजीवर बसायचो आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. अर्धा तास, दर रविवारी. तिला आत ये, बस, असं आमच्यापैकी कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. गाणं तिलाही पूर्ण पाठ होतं. आम्ही पुठ्ठ्याचं बूमरँग कापलं होतं, ते परत यायचंच नाही. तिने कुठूनतरी वाकडं लाकूड शोधून आणलं होतं आणि ते आमच्यापेक्षा लांब जायचं. बोळात मोगली नेहमी माझा भाऊ व्हायचा. तिला आम्ही कायम लांडग्यांत घेतलं. इतिहास सांगणाऱ्या बाईने निदान आपल्या घरातला इतिहास तरी पूर्ण सांगावा, म्हणून हे सांगितलं.

पुढची हकिकत बहुतेकांना माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये डिस्नेचा सिनेमा आला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी भारतात. हिंदीत भालूला इरफान खान, बघीराला ओम पुरी, आणि शेरखानला पुन्हा नाना. आणि प्रसिद्धीसाठी गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं तेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं गेलं. एवढ्या मोठ्या परदेशी कंपनीला इथे येताना जुन्या दूरदर्शनच्या गाण्याचा हात धरावा लागला. ही आमची ताकद होती आणि आमचं वयही, कारण तिकीट काढणारे आता आम्ही होतो.

मग एप्रिल २०२०. टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा लावल्या, त्यात मोगलीही होता. मी भाचीला ओढून आणून बसवलं. तिने दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, ''मावशी, हे किती सावकाश चालतं गं.'' मग किची दिसल्यावर, ''रेड पांडा मध्य प्रदेशात कसा?'' आठ वर्षांची मुलगी! मला हे समजायला तिशी उलटावी लागली होती. मी गाणं लागल्यावर आवाज वाढवला. ती उठून गेली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता सिवनीत मोगली सगळीकडे आहे. पेंचचं जंगल १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, म्हणजे मालिका येण्याच्या आदल्याच वर्षी. पर्यटन खातं त्या भागाची जाहिरात मोगलीच्या नावाने करतं, शाळकरी मुलांसाठी तिथे मोगली उत्सव भरतो. न पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं जंगल आता त्या जंगलाचा पत्ता झालंय.

मागच्या हिवाळ्यात मामाकडे जायला पुन्हा तोच रस्ता धरला. तो आता रुंद झालाय. वन्यजीवांसाठी बरीच वर्षं भांडण चाललं, मग पेंचच्या पट्ट्यात काही ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून घेतला, खालून जनावरांना जायला वाट ठेवली. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत हरणं, रानकुत्रे आणि वाघ टिपले गेलेत. गाडी त्या पुलावरून गेली तेव्हा खिडकीतून खाली बघायचा प्रयत्न केला. दोन्ही बाजूंना आवाज आणि उजेड अडवायला उंच भिंती आहेत, काही दिसत नाही. नागपूरला पोचल्यावर मामाला सांगितलं. तो आता ऐंशीचा आहे. म्हणाला, ''मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, बघून घे म्हणून.''